वाढप्याच्या घरी ताट

आमच्या वस्तीत धम्मानंदच्या हातचं वाढलेलं जेवला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पेशाने तो रंगारी. घरं रंगवायचा, मोठमोठ्या इमारती रंगवायचा. पण नाव झालं ते वाढप्याचं. कोणाकडे नामकरण असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो की विहारातली वर्षावासाची समाप्ती, कमरेला टॉवेल गुंडाळून हा भाताची परात घेऊन हजर. एका हातावर परात आणि तोंड सतत सुरू.

"काय मामा, नव्या जावयासारखं काहून खाऊन राहिले? घ्या न, कोनी मोजून नाही राहिलं."

कोणी नको म्हणून पानावर हात आडवा धरला, तर त्या हाताच्या बाजूने बरोबर भात सोडायचा. माझी शुगर त्याला माहीत. माझ्यासमोर आला की बुंदीची टोपली काठोकाठ भरलेली असूनही म्हणायचा, "आजी, बुंदी संपली," आणि शेजारणीच्या पानात ओंजळभर टाकून पुढे जायचा. हल्ली लग्नात बुफे असतो, तो त्याला पटायचा नाही. म्हणायचा, "आपल्याच हातानं घेऊन खाचं म्हणजे चोरी केल्यावानी वाटते."

त्याचा खरा दिवस म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. गावोगावची माणसं दीक्षाभूमीकडे येतात, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, आणि वाटेवर नागपूरची माणसं त्यांच्यासाठी जेवणाचे स्टॉल लावतात. आमच्या वस्तीचा स्टॉल चौकात लागायचा. त्याचे मुख्य म्हणजे विहार समितीचे भैय्याजी. रेल्वेतून रिटायर झालेले, अजूनही गाडी सुटायला दोन मिनिटं असल्यासारखं बोलतात. व्यवस्था भैय्याजींची आणि आवाज धम्मानंदचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

करोना सरल्यानंतरची गोष्ट. धरमपेठेत एका उंच इमारतीला रंग द्यायचं काम चाललं होतं. रंगारी ज्या झुल्यावर बसून भिंत रंगवतात, त्याचा दोर सुटला. धम्मानंद वाचला, पण पाठीचा कणा मोडला आणि आतल्या नसा तुटल्या. डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखालचं आता काही हलणार नाही आणि काही कळणारही नाही. बरेच महिने दवाखान्यात काढून तो घरी आला तो चाकाच्या खुर्चीवर. वय चाळिशीच्या आतबाहेर.

सुरुवातीला त्याच्या घरी इतके लोक आले की पिंकीला, म्हणजे त्याच्या बायकोला, चहाचं पातेलं खाली ठेवायला फुरसत नव्हती. प्रत्येकजण बिस्किटाचा पुडा आणायचा आणि तोंड लांब करून बसायचा. मग कोणाच्या तरी मेव्हण्याची गोष्ट निघायची, तोही असाच पडला होता म्हणे. मेव्हण्याचं पुढे काय झालं ते धड कोणी सांगायचं नाही. कोणी मालिशवाल्याचा पत्ता द्यायचा, कोणी जडीबुटीवाल्याचा. धम्मानंद मान हलवायचा. बिस्किटं गल्लीतल्या कुत्र्यांनी खाल्ली, ती त्या वर्षी चांगली गुबगुबीत झाली होती.

मग येणं कमी झालं आणि ताटं सुरू झाली.

आमच्याकडे रीत आहे. कार्यक्रमाला जो येऊ शकत नाही त्याचं ताट घरी जातं. बाळंतीण असो, अंथरुणावरची म्हातारी असो, रात्रपाळीचा माणूस असो. रीत चांगलीच आहे, मीही अशी कितीतरी ताटं खाल्ली आहेत. तीच धम्मानंदला लागू झाली. त्याला कशाला त्रास द्यायचा म्हणून बोलावणं कोणी पाठवायचं नाही, पण ताट न चुकता. आणि काय ताट. मटनाचे निवडक तुकडे, वर लिंबू, बाजूला खीर. पिंकीच्या फळीवर साऱ्या वस्तीचे डबे जमा झाले. कोणाच्या घरी काय झालं ते धम्मानंदला आता चवीवरून कळायचं. "मटनात खसखस जास्त आहे, म्हणजे मागच्या गल्लीतलं लग्न लागलं," असं तो पहिल्या पहिल्यांदा म्हणायचाही. मग तेही म्हणेनासा झाला. ताट यायचं, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, पिंकी डबा रिकामा करून धुवून ठेवायची.

एका सकाळी पिंकी माझ्याकडे आली. ती शाळेत खिचडी शिजवायला जाते, जाता जाता थांबली आणि पदराखालून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. उंदराचं औषध.

"आजी, हे तुमच्याइथं राहू द्या."

"काहून वं? तुमच्या घरचे उंदीर गेले काय?"

"उंदीर आहेत. राहू द्या उंदरांले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला बसवलं.

"बोलत नाही आजी ते. पानी पीत नाही. दवाखान्यात सांगतलं का भरपूर पानी प्या, तं हे एक घोट घेते अन् गिलास ठेवून देते. दोनदा ताप भरून झाला. परवा चहा पिता पिता म्हणे, मी त्याच दिवशी संपलो असतो तं तू मोकळी झाली असती. असं म्हणे, जसं आज भाजी कोनती करते विचारून राहिले."

"मंग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, चहा थंडा होऊन राहिला." ती पदराने नाक पुसत होती. "दवाखान्यातल्या मॅडमले सांगतलं मी. त्यांनी मनाच्या गोळ्या देल्या, त्या हे बरोबर घेते. पन मॅडमच म्हणे, नुसत्या गोळ्यांनी नाही होत, माणसात न्या त्यांले. कसं नेऊ? बाहेर म्हटलं का तोंड फिरवते."

तिला मी काय सांगणार. चौथी पास बाई मी. खिचडी करपेल म्हणून तिला शाळेत पाठवलं आणि पुडी परसात खोल पुरली.

धम्मचक्र दिन जवळ आला तशी समितीची बैठक झाली. त्यात भैय्याजींना एक कल्पना सुचली आणि ती सगळ्यांना इतकी आवडली की टाळ्या पडल्या. यंदा स्टॉलवरचं पहिलं ताट धम्मानंदच्या घरी वाजतगाजत न्यायचं आणि बॅनरवर त्याचा मोठा फोटो लावायचा. भैय्याजी स्वतः ही खुशखबर घेऊन त्याच्या घरी गेले. तिथून माझ्याकडे आले ते तोंड लाल करून.

"इंदूबाई, पानी द्या. हाकललं त्यानं मले."

"काय म्हणे?"

"म्हणे, भैय्याजी, मी काय मेलो का? माझा फोटो लावून राहिले, फोटोसमोर ताट ठेवून राहिले. अगरबत्ती तेवढी राहिली, तेही घेऊन या."

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं.

"हसून काहून राहिल्या?"

"खोकला आहे."

"आपण मान देऊन राहिलो न त्याले. बरं, मी म्हटलं, ताट नको तं तूच ये. चार पोट्टे पाठवतो, खुर्चीसकट उचलून आणतील, तुले बोट हलवा लागत नाही. तं अजून भडकला. म्हणे, उचलाचं नाव काढू नका माझ्यासमोर. आता सांगा, याले पायजे काय?"

ते काही मलाही माहीत नव्हतं. दुपारी मी त्याच्या घरी गेले. टीव्ही सुरू होता, आवाज बंद. धम्मानंद खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होता, पण बघत नव्हता. मी सरळ मोरीत गेले. शुगर झालेल्या बाईला कोणाच्याही घरी गेल्यावर आधी हेच सुचतं. त्याची मोरी पाहून मात्र मी गार झाले. ऐसपैस दार, उंबरा नाही, नळ बसल्या माणसाच्या हाताशी.

बाहेर आले तर तो म्हणाला, "पिंकी घरी नाही आहे, आजी."

"मी पिंकीले भेटाले कुठी आली? मोरीले भेटाले आली. मस्त मोरी आहे गा तुमची. आमच्या घरची अशी आहे का आडवं होऊन अंदर जा लागते."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही लय मोकळं बोलता हो."

"मंग काय करू? या वयात लाजली तं लुगडं खराब होते. मी कोन्याही लग्नात गेली का आधी मोरी पाहते, मंग नवरी पाहते. कोन्या हॉलात कुठी आहे, पायऱ्या आहेत का, कडी लागते का, सगळं पाठ आहे मले. कामठी रोडवर एक हॉल आहे, तिथं कॅटरवाल्या बाया मोरीच्या दारातच कांदे कापत बसतात. अंदर जाणारी बाई रडतच अंदर जाते."

त्याच्या खांद्यांत काहीतरी हललं. हसू होतं की काय ते मला कळलं नाही. त्याने टीव्ही बंद केला. बोटांनी चाकाची कड घासत घासत खाप्याचं सांगितलं.

दवाखान्यातून आल्यावर तो एकदाच बाहेर गेला होता, खाप्याला, मावसभावाच्या लग्नाला. तेव्हा त्याला लघवीची थैली लावलेली असायची, पँटच्या आत, पायाला बांधून. नवरानवरीसोबत फोटो काढायचा म्हणून चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून स्टेजवर चढवलं. उचलताना नळी निसटली. त्याला काही जाणवलं नाही. फोटोग्राफर म्हणत होता, इकडे बघा, हसा, आणि हा हसत होता. खाली गालिचा भिजला. नवरीच्या शालूच्या काठाला लागलं. मग वास आला.

"कोनी काही बोललं नाही, आजी. सगळे एवढे चांगले वागले. एक बाई म्हणे, पानी सांडलं वाटते. पोछा आणला. अन् मी तिथंच वरतं, कारण खाली उतराले चार माणसं लागतात, अन् ते चौघं हात धुवाले गेले होते."

मी त्याच्याजवळ सरकून बसले.

"आता थैली नाही लागत. दवाखान्यात शिकवलं मले, आपल्या हातानं नळी घालाची, काढाची, दर चार तासांनी. साबन, पानी, दार लावता आलं पायजे अन् खुर्ची अंदर गेली पायजे. बस. पन हे सांगाचं कोनाले? भैय्याजीले म्हणू का, येतो मी, माझ्या लघवीची सोय करा?"

"काहून नाही म्हणाचं?"

"पाय गेले हे मी कोनालेही सांगतो. हे नाही सांगता येत. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगत. पन अशी मोरी भेटली तं येशीन का स्टॉलवर?"

"चौकात कुठी आहे? एक कार्पोरेशनची आहे, तिले पायऱ्याच पायऱ्या."

"चौक राहू दे. येशीन का ते सांग."

"भेटणार नाही आजी."

"येशीन का?"

"हौ," तो म्हणाला, हट्टी पोराला कटवायला म्हणतात तसा.

सकाळीच मी बाजारातून परकराचा नवा नाडा आणला होता, तो पिशवीत होता. एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंत तो ताणून धरला आणि गाठ मारली. धम्मानंद बघत राहिला. मला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं अशी त्याची खात्री झाली असावी.

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्या रस्त्यावरची घरं पालथी घालायला लागले. चहाला बसायचं, मोरीला जाऊन येते म्हणायचं आणि आत जाता जाता दाराला नाडा लावून बघायचा. एकाही दारात गाठ बसेना. लोक घर बांधताना टीव्हीची भिंत मोजून बांधतात आणि मोरीचं दार उरलेल्या जागेत बसवतात. एका नव्या दुमजली घरात तर खाली झोपाळा टांगलेला आणि मोरी जिन्याखाली, आत उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं.

माझी सून भावना संध्याकाळी तणतणत आली. "आई, तुम्ही करून काय राहिल्या? कोनी म्हणते, तुमच्या घरी वॉशिंग मशीन येऊन राहिली का? अन् त्या कोपऱ्यावरची म्हणे, सुनेनं मोरीले कुलूप लावलं वाटते, म्हातारी घरोघरी फिरून राहिली."

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? म्हटलं, हौ, किल्ली माझ्याजवळ आहे."

मला सून चांगली मिळाली आहे.

शेवटी राहिलं यमुताईचं घर, हिरव्या गेटचं, चौकाच्या अलीकडे. तिथे मी मुद्दाम गेले नव्हते. यमुताईचं आणि आमच्या स्टॉलचं जमत नाही. दरवर्षी उष्टे द्रोण वाऱ्याने तिच्या दारात जातात आणि दरवर्षी ती झाडू घेऊन चौकापर्यंत येते. पण तिचे मालक शेवटच्या वर्षात लकव्याने पडून होते हे मला आठवलं. गेले.

तिच्या मोरीचं दार पाहून मी नाडा लावला आणि गाठ आत बसून वर चार बोटं जागा राहिली. आत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळा संपल्यावर काढून ठेवलेला लोखंडी कूलर तिथे उभा होता, त्यावर गाद्या, त्यावर सूप.

"मोजून काय राहिल्या, इंदूबाई?" यमुताई मागे येऊन उभी होती.

"दार."

"कोनासाठी?"

"ते मले सांगता येत नाही."

तिने माझ्या हातातला नाडा घेतला, गाठीपर्यंत ताणला आणि बघत राहिली. "हे खुर्चीचं माप आहे. आमच्या यांची एवढीच होती." नाडा परत दिला. "नाव नका सांगू. पन कूलर तुमच्या लेकाले उचलाले सांगा. अन् स्टॉल माझ्या गेटासमोर लागला तरच. तिकडे चौकात खाऊन इकडे मोरीपुरते येतील, असं मले नाही चालत. माझ्यासमोर खा, माझ्यासमोर झाडा."

ही अट ऐकून मी घाबरले. दार सापडलं, हे जाता जाता धम्मानंदला सांगून आले, पण आता चौक हलवायचा होता.

बैठक विहाराच्या अंगणात होती. मी उभी राहून म्हटलं, यंदा स्टॉल यमुताईच्या गेटसमोर लावू.

"काहून?" भैय्याजी म्हणाले.

"सावली आहे."

"चौकात झाड आहे."

"पानी आहे."

"टँकर आहे आपल्याकडे. इंदूबाई, जी बाई दरवर्षी आपल्यावर झाडू घेऊन धावते, तिच्या दारात काहून लावाचा स्टॉल? खरं कारण सांगा न."

खरं कारण माझ्या जिभेवर होतं आणि तिथेच धरून ठेवायचं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "आजी आजकाल लोकांच्या मोऱ्या मोजून राहिल्या, भैय्याजी. चौक मोजला नाही वाटते अजून." सगळे हसले. भैय्याजीही हसले आणि म्हणाले, "वयाचा मान आहे तुमचा, पन समितीच्या कामात असं नाही चालत. स्टॉल चौकातच राहीन." मी खाली बसले. पिंकी बायकांमध्ये बसली होती, ती उठून तडक निघून गेली.

बॅनरचा विषय सुरू झाला. फोटो गेला, आता कोणता रंग. तेवढ्यात गल्लीतून चाकांचा आवाज आला आणि धम्मानंद अंगणाच्या तोंडाशी दिसला. स्वतःच चाकं ढकलत होता, कपाळावर घाम. पिंकी मागे होती, पण तिने हात पाठीशी बांधलेले होते.

लोक उठले. एक पोट्टा खुर्ची धरायला धावला.

"हात लावू नको बे," धम्मानंद म्हणाला.

भैय्याजी भाषणाच्या आवाजात सुरू झाले, "आपल्या सर्वांचे लाडके," आणि धम्मानंदने त्यांना हाताने थांबवलं, पंगतीत वरणाच्या बादलीला थांबवतात तसं.

"म्हातारीवर काहून हसून राहिले? मोऱ्या तिनं माझ्यासाठी मोजल्या." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मले लघवी आलेली समजत नाही. दर चार तासांनी नळी घालून काढा लागते. त्याले अशी मोरी लागते का खुर्ची अंदर गेली पायजे. म्हणून मी कुठीच येत नाही. चाकांसाठी नाही, पायांसाठी नाही, यासाठी. यमुताईच्या घरी तशी मोरी आहे. स्टॉल तिथं लागला तं मी वाढाले येतो. चौकात लागला तं नाही येत. अन् घरी ताट पाठवू नका."

त्याची मान खाली होती, दोन्ही हात चाकांवर घट्ट. मी पाहत होते. कोणी एक 'बिचारा' म्हणालं असतं तर त्याने तिथूनच खुर्ची वळवली असती, आणि मग त्याला घरातल्या त्या खोलीतून कोणी काढू शकलं नसतं.

भैय्याजींनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"मले प्रोस्टेट आहे," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काय बघता? स्टॉलच्या दिवशी चौकात मी सकाळपासून पानी पीत नाही. दुपारपर्यंत डोकं ठणकते. मंग मी तुमच्यावर ओरडतो."

"तरीच," मागून आवाज आला.

आणि बायकांमधून कोणीतरी म्हणाली, "भैय्याजी, आम्ही तं आदल्या रात्रीपासूनच पीत नाही." दुसरी म्हणाली, "अन् ज्या बाया दूरून चालत येऊन राहिल्या, लेकरं घेऊन, त्या कुठी जात असतील याचा इचार केला का आपण कधी? जेव जेव म्हणून ताट भरतो नुसतं." मग जो तो बोलायला लागला. एकाला मूतखडा होता, एकीला गोळ्यांमुळे सारखं जावं लागायचं. इतकी वर्षं शेजारी राहतो, पण वस्तीच्या पोटातलं एवढं मला त्या दिवशीच कळलं. धम्मानंदने मान वर केली होती. कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं, सगळे आपापलं सांगण्यात गुंग होते.

"बस्स," भैय्याजी म्हणाले. "स्टॉल यमुताईच्या गेटासमोर. अन् तिच्याशी बोलाले मी नाही जात. इंदूबाई जातील."

धम्मचक्र दिनाला ऊन कडक होतं. धम्मानंदसाठी बसकं टेबल ठेवलं, त्यावर भाताची परात. गरम भांडं मांडीवर घ्यायचं नाही, भाजलं तरी कळत नाही म्हणून, हे त्याने स्वतःच सगळ्यांना बजावलं. सुरुवातीला अर्धा भात टेबलावर सांडला. तोंडातून शब्द नाही. मग वाशीमकडचा एक म्हातारा समोर आला, त्याने ना खुर्ची पाहिली ना चाकं. "थोडा टाक न बाप्पा अजून, दोन दिवसाचा निघालो आहो," म्हणाला. धम्मानंदने टाकला. आणखी टाकला. "वरण घ्या मामा, भात कोरडा जाईन," म्हणाला, आणि मग वरणाच्या बादलीत डोकावून भैय्याजींवर तोंड सोडलं, की हे वरण आहे का कन्हान नदीचं पाणी. भैय्याजींनीही परत ऐकवलं. दोघांचं दुपारपर्यंत चालू होतं.

यमुताई गेटमध्ये खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर झाडू. बायकांची रांग एका वेळी भाताच्या रांगेपेक्षा लांब झाली. धम्मानंदची वेळ झाली की ती झाडू आडवा धरायची. "बाजूले व्हा वं, ड्युटीवाला माणूस आहे." बायका बाजूला व्हायच्या, तो आत जायचा, बाहेर यायचा, हात पुसून परत परातीशी.

आता सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी तो दमून झोपला होता, आणि मधले काही दिवस परत भिंतीकडे तोंड करून होता. गोळ्या सुरू आहेत. पिंकी अजूनही त्याच्या गिलासात किती पाणी उरलं ते बघते. एका घरून परवा ताट आलं, तर त्याने निरोप पाठवला की ताट घेतो, पण पुढच्या वेळी बोलावलं नाही तर घरासमोर येऊन भांडेन. त्यांनी पुढच्या वेळी बोलावलं. तो गेला नाही, त्या दिवशी जमलं नाही म्हणाला. पण बोलावलं.

मागच्या आठवड्यात काटोलहून लग्नाची पत्रिका आली, त्याच्या चुलतबहिणीच्या मुलीची. मी तिथेच बसले होते. त्याने पत्रिकेवरचा हॉलचा नंबर बघून फोन लावला, स्पीकरवर.

"मुलीकडून बोलून राहिलो. तुमच्या हॉलात मोरी कुठी आहे? पायऱ्या आहेत का? दार किती रुंद आहे?"

पलीकडचा माणूस म्हणाला, डेकोरेशनचं विचारताय का साहेब, डेकोरेशनवाल्याचा नंबर देतो.

"डेकोरेशन नाही. मोरीचं दार."

"कशासाठी पण?"

"लघवीसाठी, दादा. अजून कशासाठी रायते?"

पिंकी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. तो माणूस टेप शोधायला गेला, आम्ही बराच वेळ थांबलो. परत आला आणि म्हणाला, पाहुण्यांच्या मोरीचं दार लहान आहे, पण आमच्या ऑफिसातली मोठी आहे, कोणाला देत नाही आम्ही, तुम्हाला किल्ली देतो. किती जण आहात?

धम्मानंदने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मान हलवली.

"वऱ्हाड मोठं आहे," तो फोनमध्ये म्हणाला, "पन मोरीवाले दोघंच. एक मी अन् एक म्हातारी. ती आधी जाईन."